पचनाच्या हमालीवर वजन उतरत नाही

पत्र

सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ घरगुती मेस चालवते. जेवायला बहुतेक भरतीची तयारी करणारी मुलं असतात, माण-खटावकडची, पाटणकडची. पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ पळून येतात आणि मग ताटावर बसतात. अलीकडे त्यांच्यात एक नवीन टूम निघाली आहे. एकाने मोबाईलवर बघितलं की प्रोटीन पचवता पचवताच तीस टक्के कॅलरी जळून जातात, म्हणून प्रोटीन कितीही खाल्लं तरी चालतं, आणि भाकरी-भात म्हणजे नुसती चरबी. दोघा-तिघांनी भाकरी बंदच केली. "मावशी, फक्त अंडी आणि चिकन वाढा," म्हणतात. वर डब्यातली पावडर ढवळून पितात. आणि पळताना पाय जड पडतात अशी तक्रार तीच पोरं करतात.

माझंही एक दुखणं आहे. वय ४८, वजन ७४ किलो. जिममधल्या सरांनी सांगितलं, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खा, मेटाबॉलिझम वाढतं. तसं करते आहे, पण वजन दीड किलो वाढलं. जेवण झालं की मला फार गरम होतं, घाम फुटतो. म्हणजे आत काहीतरी जळत असणार ना? मग वजन का उतरत नाही? मिस्टरांना बारा वर्षं शुगर आहे, क्रिएटिनीन जरा वाढलेलं आहे. मुलांचं बघून तेही विचारतात, पावडर सुरू करू का? मुलांना काय वाढू आणि मी काय खाऊ, जरा सांगा.

एक मेसवाल्या मावशी, सातारा

उत्तर

ताई, मुलांची भाकरी उद्याच सुरू करा. बाकीचं सावकाश बोलता येईल, पण पळणाऱ्या पोरांनी धान्य सोडलं असेल तर ते थांबवायला उशीर नको. नुसतं "ताईंनी सांगितलंय, खा" म्हणून ती ऐकणार नाहीत, आणि कारण कळल्याशिवाय ऐकूही नये. म्हणून सगळं कारणांसकट लिहिते. रात्रीच्या जेवणाला हे त्यांना वाचून दाखवा.

मोबाईलवरचा आकडा खोटा नाही, हे आधी मान्य करू. अन्न पचवायचं, रक्तात घ्यायचं, जिथं हवं तिथं पोचवायचं, साठवायचं, या सगळ्याला शरीराला स्वतःची ऊर्जा खर्चावी लागते. कोरेगावच्या बाजारात घेवड्याची पोती घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते तेव्हा हमाली-तोलाई त्यातून आधीच वजा झालेली असते, तसा हा प्रकार आहे. मालागणिक हमाली वेगळी. प्रथिनांतून १०० कॅलरी आल्या तर त्यातल्या २० ते ३० त्यांच्यावरच खर्च होतात. भाकरी, भात, साखर यांच्यातल्या कर्बोदकांवर ५ ते १०. तेलातुपावर शून्य ते ३, म्हणजे जवळपास नाहीच. आपलं नेहमीचं मिश्र जेवण धरलं तर सगळी मिळून साधारण दहा टक्के होते. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या २०० च्या आसपास कॅलरी अशा जातात.

हे जिमवाल्यांनी शोधलेलं नाही, फार जुनं ज्ञान आहे. १७९० च्या सुमाराला पॅरिसमध्ये लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने आपला सहकारी सेगॅं याच्या तोंडाला मुखवटा बसवून तो किती प्राणवायू घेतो ते मोजलं. उपाशी असतानापेक्षा जेवल्यावर त्याला नुसतं बसूनही जास्त प्राणवायू लागत होता. पुढे शंभरेक वर्षांनी जर्मनीत माक्स रुब्नर यांनी कुत्र्यांना उष्णता मोजायच्या बंदिस्त पेटीत ठेवलं आणि वेगवेगळं अन्न देऊन पाहिलं. सगळ्यात जास्त उष्णता मांसाने वाढली. १९०२ साली त्यांनी हे सगळं ग्रंथरूपाने मांडलं.

आता प्रथिनांचीच हमाली एवढी का? बहुतेकांना वाटतं की चावण्यात आणि पोटातल्या घुसळणीत ऊर्जा जात असेल. तिथं थोडीच जाते. मोठा खर्च अन्न रक्तात उतरल्यावर होतो, यकृतात आणि बाकीच्या पेशींमध्ये. ऑपरेशनच्या वेळी भुलीखाली रुग्णाचं शरीर गार पडतं, ते पडू नये म्हणून शिरेतून अमिनो आम्लं देऊन पाहिली गेली आहेत. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक. पोटाचा आणि दातांचा काहीही संबंध न येता नुसती शिरेतून दिली तरी अंगातली उष्णता वाढते. म्हणजे खर्च पोटाच्या पलीकडचा आहे.

तेल-तूप पचलं की चरबीच्या पेशीत फारसा बदल न होता जाऊन बसतं. ग्लुकोजलाही यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून राहायची सोय आहे, मोजकी का होईना. अमिनो आम्लांना मात्र शरीरात साठवून ठेवायची सोयच नाही. जेवणातून आली की त्यांना एकतर लगेच कामाला लावायचं, म्हणजे त्यांच्यापासून स्नायू, एन्झाइम, रक्तातली प्रथिनं बांधायची, नाहीतर मोडून टाकायचं. बांधताना एकेक दुवा जोडायला ऊर्जा पडते. मोडताना त्यांच्यातला नायट्रोजन सोडवून यकृताला त्याचा युरिया करावा लागतो, त्यालाही ऊर्जा लागते, आणि तो युरिया बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांच्या अंगावर येतं. उरलेल्या भागापासून पुष्कळदा ग्लुकोज तयार केलं जातं, तिथंही खर्च. ही मूत्रपिंडांची गोष्ट लक्षात ठेवा, मिस्टरांच्या प्रश्नाला ती लागणार आहे.

मग मुलांचं चुकलं कुठे? "कितीही" या शब्दात. शंभर कॅलरींची प्रथिनं खाल्ली आणि तीस खर्च झाल्या तरी सत्तर हातात राहिल्याच. त्या मोजल्या जातात, आणि एकूण खाणं गरजेपेक्षा जास्त झालं तर त्यामुळेही चरबी वाढते. शिवाय चिकन म्हणून ताटात जे येतं त्यात साताऱ्याच्या पद्धतीने वर तरंगणारं तेल असतं, सुकं खोबरं असतं, त्यांच्या कॅलरी तर हमाली न देताच आत येतात.

फरक केवढा पडतो ते तुमच्याच उदाहरणावर मांडते. समजा तुम्ही दिवसाला १८०० कॅलरी खाता. आज त्यातल्या १२ टक्के प्रथिनांतून येतात असं धरू. त्या २५ टक्क्यांवर नेल्या आणि तेवढाच भात-भाकरी कमी केला, म्हणजे जवळपास २३५ कॅलरींची अदलाबदल झाली. कर्बोदकांवर त्यातल्या साधारण १८-२० खर्च झाल्या असत्या, प्रथिनांवर ५५-६० होतील. फायदा ४० कॅलरींचा. चहाचा एक चमचा तेल एवढ्या कॅलरी देतं. आणि एवढ्यासाठी तुमच्या ताटातली प्रथिनं दुप्पट करावी लागली. याच कारणाने मी म्हणते की पचनाच्या खर्चावर कोणी वजनाचा हिशेब बांधू नये. तो खर्च खरा आहे, पण आमटीत एकदा सैल हाताने पडलेलं तेल तो भरून काढतं.

प्रथिनं तरीही महत्त्वाची आहेत, आणि ती वेगळ्या कारणांसाठी. ती पोटात धरतात. सकाळी दोन अंडी किंवा वाटीभर उसळ खाल्लेल्या माणसाला अकरा वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात न्यावासा वाटत नाही. वजन उतरवताना स्नायू झिजू नयेत म्हणूनही ती लागतात. नुसते पोहे-चहावर वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि चाळिशीनंतर गेलेला स्नायू परत मिळवायला फार कष्ट पडतात.

आता भाकरीवरचा आरोप. भाकरीतल्या ग्लुकोजची चरबी करणं शरीराला महागात पडतं, त्यात जवळपास पाव ऊर्जा वाया जाते. म्हणून रोजच्या खाण्यात शरीर सहसा त्या वाटेला फारसं जात नाही. ते भाकरी आधी वापरतं आणि त्या दिवशी खाल्लेलं तेल बाजूला साठवतं. एकूण खाणं गरजेपेक्षा वाढलं की हा साठा वाढत जातो. तेव्हा पोट सुटलं की दोष भाकरीवर जातो आणि कढईकडे कोणी बघत नाही.

पळणाऱ्या मुलाला तर भाकरी हवीच. १६०० मीटर जोरात पळताना स्नायूंना ऊर्जा मुख्यतः ग्लुकोज आणि ग्लायकोजेनमधून मिळते. त्याला कारण आहे. एक लिटर प्राणवायू वापरून कर्बोदकांतून सुमारे ५ कॅलरी निघतात, चरबीतून सुमारे ४.७. छाती फुटेस्तोवर श्वास चाललेला असताना, प्राणवायूचा प्रत्येक घोट मोजून मिळत असताना, हा फरक मोठा असतो. पुन्हा चरबी मोकळी करून वापरायला वेळ लागतो, आणि चारशे मीटरच्या चौथ्या फेरीत तेवढा वेळ कुणाकडे नसतो. ग्लायकोजेनचा साठा सगळा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास असतो. यकृतातला त्याचा वाटा रात्रभराच्या उपासात बराच उतरतो, स्नायूंतला रोजच्या पळण्याने उतरतो. तो भरून काढायला धान्य लागतं. ज्यांनी भाकरी-भात सोडला त्यांचा साठा रोज थोडा थोडा रिकामा होत चालला आहे, आणि पाय जड पडण्याचं हे अगदी ठरलेलं कारण आहे. ती जे चिकन खात आहेत त्यातलाही काही भाग शरीर मोडून त्याचं ग्लुकोजच करतंय. सगळ्यात महाग वाटेने, सगळ्यात महाग अन्नातून, जे काम दोन भाकऱ्यांनी झालं असतं ते चाललं आहे. ज्या घरांतून ही मुलं आली आहेत, तिथून मेसचे पैसे कसे पाठवले जात असतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला हे फार लागतं.

भाकरी सुरू करून दोन-तीन आठवडे झाले तरी कुणाचे पाय जडच राहिले, धाप लागत राहिली, तर त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगा.

मग प्रथिनं किती? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हैदराबादमधल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने साध्या निरोगी माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितली आहेत. ६० किलोच्या मुलाला ५० ग्रॅम. जोरदार सराव करणाऱ्याला याहून जास्त लागतात, किलोमागे १.२ ते १.६ धरा, म्हणजे ७२ ते ९६ ग्रॅम. हे ऐकून घाबरू नका, तुमच्या चुलीवरच ते आहे. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम प्रथिनं असतात. पन्नास ग्रॅम पिठाची एक, अशा दिवसाला सहा भाकऱ्या खाणाऱ्या पोराला निव्वळ भाकरीतूनच ३० ग्रॅम मिळाली. मोबाईलवर हे कुणी सांगत नाही. डाळ-उसळीच्या दोन्ही वेळच्या मिळून चार वाट्या, प्रत्येकीत कोरडं कडधान्य ३० ग्रॅम, यातून आणखी २६. पाव लिटर दूध ८, दोन अंडी १२. झाली ७६. वर मूठभर फुटाणे-शेंगदाणे घेतले की ८० च्या पुढे गेलो.

यातली मेख त्या ३० ग्रॅममध्ये आहे. मेसची डाळ वाढताना किती पातळ होते हे तुम्ही जाणता आणि माणसं वाढली की पातेल्यात पाणी वाढतं हेही मी समजू शकते. पण तुम्हाला मुलांच्या ताटात एकच बदल करायचा असेल तर तो इथं करा. वाटीत चमचा उभा राहील अशी नको, पण डाळ दिसली पाहिजे. माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ वजनकाट्यावर एकदा मोजून तेवढ्याची एक वाटी ठरवून टाका. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, म्हणून भाकरीबरोबर उसळ किंवा घट्ट आमटी आली की दोघींची मिळून चांगली प्रथिनं होतात. मटकी, हुलगा, चवळी फिरवून घ्या. आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा आठवड्यातून एकदा तरी होऊ दे. तो रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी ओतून टाका आणि पुरता मऊ होईतो शिजवा. अर्धाकच्चा घेवडा पोट बिघडवतो. सोयाबीन तर आपल्याकडे शिवारभर असतं. ५० ग्रॅम सुक्या सोयावड्यांमध्ये साधारण २६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे पावडरीच्या एका मापात असतात जवळपास तेवढीच. रस्सा करा, सुकं करा, मुलं आवडीने खातील.

पावडरीबद्दल एवढंच: वर सांगितलेलं ताट जेवणाऱ्या मुलाला तिची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही प्रोटीनच्या पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. त्याच पैशात दूध आणि अंडी घेऊ दे.

पहाटे पळायच्या आधी एक केळं किंवा गुळाचा खडा पुरे, वर पाणी. पळून आल्यावर मात्र ताट भरलेलं हवं: उसळ, भाकरी, अंडं, ताक किंवा दूध. रात्रीचा भात कुणी सोडला असेल तर त्यालाही परत सुरू करायला सांगा.

आता तुमचं. सहा वेळा खाण्याचा सल्ला तुमच्यासाठी चुकीचा होता. दिवसाचं अन्न तेवढंच असेल तर तीनदा खा की सहादा, पचनावरचा खर्च तेवढाच राहतो. १८०० कॅलरींच्या तीन जेवणांत १८० जाणार असतील, तर सहा खाण्यांत तीस-तीस करून त्याच १८० जाणार. वारंवार खाण्याने तो वाढत नाही. वाढतं ते खाणं, कारण तीन जेवणांच्या मध्ये आलेली आणखी तीन खाणी कुणीच मोजून घेत नाही. दीड किलो तिथून आलं.

आणि तुम्ही तर दिवसभर स्वयंपाकघरात. आमटीची चव बघायची, उसळीचं मीठ बघायचं, पोरांसाठी तळलेली भजी खाली ठेवताना एक तोंडात टाकायची. सगळ्यांचं झालं की उरलेली अर्धी भाकरी आणि पातेल्याच्या तळाची भाजी वाया जाऊ नये म्हणून पोटात घ्यायची. बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हेच केलं आहे आणि त्यांच्या या जेवणाचा हिशेब कुणीच ठेवला नाही. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे: तुमचं ताट मुलांच्या आधी वाढून घ्या. खाल नंतर, पण ताट आधी वाढून झाकून ठेवा. त्यात जे असेल ते तुमचं जेवण. तळाला उरलेलं फ्रीजमध्ये ठेवा किंवा दुसऱ्या दिवशी थालीपिठाच्या पिठात घाला.

खाणं कसं आहे यावर किती खाल्लं जातं हे ठरतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ साली प्रसिद्ध झालेला केविन हॉल यांचा एक प्रयोग आहे. वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकीटबंद पद्धतीचं जेवण दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू दोन्हीकडे सारखे, खायचं मात्र मनाला येईल तेवढं. पाकीटबंद जेवणावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. पाचशे! त्याच्यापुढे आपण वर काढलेले ४० ठेवून बघा.

अख्ख्या अन्नावर हमालीही जास्त पडते. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजमध्ये दोन सँडविच तपासली होती, दोन्हीत कॅलरी सारख्याच. एक अख्ख्या धान्याचा पाव आणि खऱ्या चीजचं, दुसरं पांढरा पाव आणि प्रक्रिया केलेल्या चीजचं. पहिलं पचवायला सरासरी १३७ कॅलरी लागल्या, दुसरं पचवायला ७३. प्रयोग लहान होता, सतराच माणसांचा, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ मानत नाही. पण दिशा पटणारी आहे. शेंगदाण्याचंही तसंच: अख्खे दाणे चावून खाल्ले तर त्यांतलं काही तेल न पचताच बाहेर पडतं, तेलातून किंवा बारीक वाटलेल्या दाण्यातून ते जास्त पुरतेपणी अंगी लागतं. आपल्याकडे दाण्याचं कूट भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत सगळीकडे पडतं. मुलांना पडू दे, तुम्ही हात आखडा.

तेल मोजून वापरा. मोठा एक चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. तुमच्या वाट्याच्या उसळीवरचा कट मुलांच्या पातेल्यात जाऊ दे. सकाळी पोह्यांऐवजी किंवा पोह्यांबरोबर वाटीभर मोड आलेली मटकी किंवा दोन अंडी घ्या. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं तुम्हालाही हवीत, आणि मला शंका आहे की मुलांना वाढता वाढता तुमच्या ताटात त्याच्या निम्मीच येत असतील. चालणं चांगलंच, पण तुमच्या वयाला स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम जास्त गरजेचा आहे: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन वर-खाली करणं. एक दिवसाआड पंधरा-वीस मिनिटं काढा.

जेवल्यावरचा घाम म्हणजे चरबी जळण्याची खूण नव्हे. जेवणानंतर शरीराचा खर्च वाढतो हे खरं, तो तासा-दोन तासांत शिखरावर जातो आणि चार-सहा तासांत ओसरतो, पण तेवढ्याने घामाच्या धारा लागत नाहीत. ठेच्यातल्या मिरचीचा तिखटपणा उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतो, म्हणून अंग खरं तापलेलं नसतानाही घाम येतो. तिखटाने कॅलरी खर्च होतात त्या नगण्य. जिऱ्याचं पाणी, लिंबू-मधाचं गरम पाणी यांच्याकडूनही वजनासाठी काही अपेक्षा ठेवू नका. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमाराला अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, ते असू शकतं. थायरॉइडही असू शकतं. थायरॉइडची टीएसएच चाचणी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एवढं सिव्हिलला किंवा तुमच्या नेहमीच्या लॅबमध्ये करून घ्या, आणि पाळीचं डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. घामाबरोबर छातीत धडधड किंवा दाबल्यासारखं होत असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

मिस्टरांचा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे. पावडर त्यांनी अजिबात घेऊ नये. बारा वर्षांची शुगर आणि त्यात वाढलेलं क्रिएटिनीन म्हणजे मूत्रपिंडांवर परिणाम सुरू झाला असण्याची दाट शक्यता. प्रथिनांचा जो युरिया होतो तो बाहेर टाकायचं काम याच मूत्रपिंडांचं, आणि त्यांच्यावर आधीच ताण आहे. अशा माणसाला प्रथिनं साधारणपणे किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतात. मुलांचं ताट त्यांचं ताट होऊ शकत नाही. घाबरून डाळ-दूध सगळं तोडूही नका, तसं केलं तर अशक्तपणा येतो. त्यांचं नेमकं प्रमाण त्यांचे डॉक्टर ठरवतील. क्रिएटिनीनचे जुने-नवे सगळे रिपोर्ट एकत्र करा, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा आकडा, किती आहे ते विचारा, आणि हे सगळं घेऊन मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाला दाखवा. गुडघेदुखी-कंबरदुखीला मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या ते घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांतल्या पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडांना त्रास देतात. ही भेट पुढच्या महिन्यावर ढकलू नका, याच आठवड्यात वेळ घ्या.